'कंटकाकार' आणि 'काटेरी' एकच का?

त्रिरश्मी_नोंदवही
पांडवलेणीच्या डोंगरावरच्या झाडांची मराठी नोंदसूची सुरू आहे. इंग्रजी वर्णनांत 'स्पायनिफॉर्म' आणि 'स्पायनोज' दोन्ही शब्द येतात. दोन्हींना 'काटेरी' म्हटलं तर चालेल का? बोर, बाभूळ, करवंद, काटेसावर, सगळ्यांपुढे एकच शब्द पडतोय, ते खटकतंय.

पानदेठ
नाही चालणार. स्पायनोज म्हणजे अंगावर काटे असलेलं. तिथे 'काटेरी' बरोबर. स्पायनिफॉर्म हा लॅटिन 'स्पायना' (काटा) आणि 'फॉर्मा' (आकार) यांपासून झालेला शब्द, म्हणून 'कंटकाकार'. झाड काटेरी, त्याचं उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारा पानासारखा छोटा अवयव) कंटकाकार.

पण हा शब्द फक्त आकार सांगतो. तो अवयव मुळात काय होता ते वेगळं लिहाच. बाभळीची सरळ पांढरी जोडी आणि बोरीचे काटे (बहुधा एक सरळ, एक वाकडा) ही उपपर्णं. लिंबू, बोगनवेल यांचा काटा पानाच्या बगलेतून येतो, म्हणजे ती फांदी. काटेसावरीच्या खोडावरचे शंकूसारखे काटे आणि गुलाबाचे काटे सालीतून उगवतात, पेराशी (पान जिथे फुटतं त्या जागेशी) त्यांचा संबंध नसतो.

ओळखताना आधी जागा बघा, टोक नंतर. पान गळालेलं असेल तर देठाचा व्रण शोधा. करवंदात सगळ्यात जास्त गफलत होते: तिथे शेंड्याची कळीच काटा बनते, त्यामुळे बगलेत शोधून सापडत नाही.

सटाण्याचा_बाग
डाळिंबही यादीत घ्या. त्याची आखूड फांदीच टोकाला अणकुचीदार होते, कधी तिच्यावर पानंही असतात. 'कंटकाकार आखूड फांदी' असं लिहा. बागेत याला महत्त्व आहे: वाऱ्याने फळ काट्यावर घासलं की सालीला जखम होते आणि तेल्याला (डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगाला) वाट मिळते. फळाजवळचे काटे छाटताना प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करा.

भिंग_दहापट
जागेवरून ठरत नसेल तर आडवा छेद घ्या. कोवळाच काटा घ्या. जून काटा लाकडासारखा कडक असतो, पातं घसरतं आणि छेद जाड येतो. जूनच मिळाला तर आधी पाण्यात उकळून मऊ करा. छेद १ टक्का सॅफ्रानिनमध्ये (लाल रंगाच्या द्रावणात) दोन-तीन मिनिटं ठेवा, पाण्याने धुवा, ग्लिसरिनच्या थेंबात झाका. वाहिन्या (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) लाल दिसतात. फांदीच्या काट्यात त्या खोडापासून सलग येतात. गुलाबाच्या काट्यात त्या नसतातच, म्हणून बोटाने बाजूला दाबला की तो सालीवरून अलगद सुटतो. मात्र काटा अर्ध्यातून मोडला तर ही खूण धरू नका, बुडाशी सुटायला हवा.

कीटकांसाठी हाच शब्द वापरणार असाल तर सुईने हलवून बघा. टोळाच्या मागच्या नडगीवरच्या रांगेतले काटे पक्के असतात, टोकाशी असतात ते सांध्यावर हलतात. दोन्ही कंटकाकार, पण नोंदीत नावं वेगळी हवीत.

त्रिरश्मी_नोंदवही
आभार. सूचीत 'आकार', 'जागा' आणि 'मूळ अवयव' असे तीन रकाने करतो. करवंदाची नोंद आजच बदलतो.