आईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी ती दिवसदिवस उठत नाही. डिप्रेशन असेल का?

कराडची_लेक:
आई ५४ वर्षांची, गावी असते, बाबा आणि दादा शेती बघतात. दिवाळीपासून काहीतरी बिनसलंय. आधी डोकं, मग पाठ, मग छातीत धडधड. ईसीजी झाला, थायरॉईड, बी-१२ सगळं नॉर्मल, डॉक्टर म्हणाले काही नाही. पण पहाटे तीनला जाग येते ती येतेच. शनिवारी गेले तर मागच्या दारात बसलेली, मांडीवर मेथीची जुडी, चार काड्या निवडलेल्या, तासाभराने बघितलं तरी तेवढ्याच. जी बाई गौरींना सोळा भाज्या एकटी करायची! काल म्हणाली माझा तुम्हाला नुसता भार झालाय. बाबा म्हणतात मनाला लावून घेते, काकू म्हणते बाहेरचं आहे. ती रडत नाही, उदास वाटतंय असंही म्हणत नाही, तरी असू शकतं का? मानसोपचाराचं नाव काढलं की ‘मला येरवड्याला टाकताय का’ म्हणते.

निम्मा_पुणेकर:
ताई असू शकतं. मला पण रडू नव्हतंच येत, नुसतं बधिर, आंघोळीला जायचं म्हणजे डोंगर चढायचा. गोळ्या सुरू केल्यावर पहिला आठवडा मळमळ झाली, फरक काहीच नाही, मी सोडणार होतो पण बायकोने सोडू दिल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात एका सकाळी चहातल्या आल्याचा वास आला आणि लक्षात आलं की कित्येक महिने वासच जाणवत नव्हता. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या महिन्यात स्वतःच बंद केल्या, परत खाली गेलो. ही चूक आईंना करू देऊ नका, डॉक्टर सांगतील तसंच हळूहळू कमी करायचं.

सकाळची_शाळा:
गोळ्यांची सवय लागते हो. चालायला न्या, नामस्मरण करू द्या, माणसात मिसळलं की बरं वाटतं.

सांगलीची_समुपदेशक:
चालणं चांगलंच, पण मेथी निवडवत नाही त्या बाईला ‘माणसात मिसळ’ म्हटलं की तिला अजूनच अपराधी वाटतं. आणि या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही.
ताई, आपल्याकडे बायका मन दुखतंय असं म्हणतच नाहीत, पाठ दुखते म्हणतात, डोकं दुखतं म्हणतात आणि ते खरंच दुखत असतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस कशात रस नाही, पहाटे जाग, भार झालेय ही भाषा, एवढं असताना थांबू नका. त्या ‘भार’वर आधी बोला. शेजारी बसून सरळ विचारा, आई तुला जीव नकोसा वाटतो का, मरायचे विचार येतात का. विचारल्याने डोक्यात भरवलं असं होत नाही, उलट मोकळं वाटतं. आणि आजच दादाला सांगा, फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेव. हो म्हणाल्या तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.
१४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, घरच्यांनी केला तरी चालतो. जिल्ह्याच्या सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढायचा, दाखवायचं, घरी यायचं, उगाच कोणी ठेवून घेत नाही. आईंना सांगा झोपेसाठी आणि धडधडीसाठी जातोय, ते खोटं पण नाही. काकूंशी भांडू नका, देवाला जायचं तर जा, उपचार चालू ठेवून.

कराडची_लेक:
काल रात्री विचारलं. खूप वेळ पदराशी चाळा करत होती, मग म्हणाली येतात गं विचार, पण तुझ्या बाबांना सांगू नको. मी सांगितलं, सांगावं लागेल. मग रडली, दिवाळीपासून पहिल्यांदा. १४४१६ लावला, तिकडच्या बाईंशी ती स्वतः दहा मिनिटं बोलली. रात्री तिच्याजवळच झोपले. दादाने फवारणीचे डबे शेतावरच्या खोलीत कुलूप लावून ठेवलेत. आत्ता सिव्हिलला निघालोय, बाबा पण येतायत.