मोठ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्यांनी एकत्र यायचं का? की परत एक ग्रुप, परत गुड मॉर्निंग?

कृष्णाकाठची (सांगली)

थोडं लांबेल, पण वाचा. शाळा-कॉलेजच्या मास्तरांना निदान स्टाफरूम असते, भांडायला का होईना चार माणसं असतात. आपण जे परदेशी निघालेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो, आपल्याला काय आहे? विश्रामबागेत एक गाळा, कराडात एक, साताऱ्यात राजपथावर एक, आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही. माझ्याकडं मिरजेत नर्सिंग झालेल्या मुली येतात, लग्न करून युकेला जाणाऱ्या येतात, आणि हल्ली पोराकडं कॅनडाला निघालेले आईबाप पण येतात, पासष्टीचे, देवनागरी झरझर वाचणारे पण रोमन अक्षर बघितलं की घाम फुटणारे. त्यांच्यासाठी पुस्तकच नाही हो बाजारात. सगळं लहान मुलांचं, ए फॉर ॲपल. आजोबांना ॲपल शिकवू का इमिग्रेशन काउंटरवर काय बोलायचं ते?

तिकडं गेल्यावर ह्याच माणसांना जे शिकवतात त्यांच्या संघटना जुन्या आहेत. अमेरिकेत टेसॉल १९६६ पासून, ब्रिटनमध्ये नॅटेक्ला १९७८ पासून, आणि ती तर खास प्रौढ स्थलांतरितांना शिकवणाऱ्यांचीच. ऑस्ट्रेलियानं १९४८ ला सरकारी कार्यक्रम सुरू केला तेव्हा युरोपातून येणाऱ्या लोकांचे वर्ग जहाजावरच घ्यायला लागले आणि उतरल्यावर बोनेगिलाच्या छावणीत पुढचे वर्ग. म्हणजे निघतानाचं आणि पोचल्यावरचं शिकवणं एकाच योजनेत. आपल्याकडं मात्र आपण इथनं विमानात बसवून देतो, पुढं काय झालं ते आपल्याला कळत नाही, आणि तिकडच्या बाईला आपण काय शिकवलं ते कळत नाही.

म्हणून म्हणते, सातारा-सांगलीतल्या अशा शिक्षकांनी एकत्र यावं आणि तिकडं शिकवणाऱ्या मराठी लोकांनाही घ्यावं. काय वाटतं?

शंभरफुटी_मास्तर

मॅडम राग मानू नका, पण हे ऐकायलाच बरं वाटतंय. मी ह्या धंद्यात बरीच वर्षं आहे, आणि धंदाच म्हणतो मी. असले ग्रुप आधीच आहेत की, मी दोन ग्रुपवर आहे. जानेवारी, मे, सप्टेंबरला आयल्ट्सच्या, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेच्या, स्पीकिंगचे विषय बदलले की तिथं 'लेटेस्ट क्यू कार्ड' चा, म्हणजे बोलायला दिलेल्या विषयांच्या चिठ्ठ्यांचा, पूर येतो, नाहीतर केंब्रिजच्या पुस्तकांच्या चोरीच्या पीडीएफ. बाकीच्या दिवशी सुविचार. आणि वेबिनार केला की सर्टिफिकेट, ते फ्रेम करून क्लासच्या भिंतीवर. ह्यालाच नेटवर्किंग म्हणतात इकडं.

दुसरं म्हणजे मी कष्टानं बनवलेल्या रायटिंगच्या नोट्स दुसऱ्याच क्लासचा लोगो लावून माझ्याच विद्यार्थ्याकडं परत आल्यात. मग मी का शेअर करू? शंभर फुटी रोडला आमच्यासारखे क्लास भिंतीला भिंत लावून आहेत, फी पाचशे रुपयांनी कमी केली की पोरं पलीकडं जातात. आधी पोट, मग परिषद.

राजवाडा_साताराकर

बैठकीत काय होणार ते आत्ताच सांगतो. अध्यक्ष कोण यावर दीड तास, मग कंदी पेढे, मग फोटो.

कराडची_लेक (सध्या लेस्टर)

मी इथं ईसॉल शिकवते, म्हणजे स्थलांतरित प्रौढांना इंग्रजी. कल्पना चांगली आहे ताई, पण एक गैरसमज दूर करायला हवा. तुमच्या नर्स मुली आमच्या वर्गात येतच नाहीत! त्या कामाला लागलेल्या असतात, त्यांचं इंग्रजी आमच्या वर्गापेक्षा फार वर असतं. आमच्याकडं एन्ट्री वन, टू, थ्री असे टप्पे असतात आणि खालच्या वर्गात कुणी आपल्या देशात इंजिनियर होता तो बसतो आणि शेजारी आयुष्यात शाळा न बघितलेली बाई बसते, दोघं 'बिगिनर', शिकवणं मात्र दोघांचं पूर्ण वेगळं. तिला आधी पेन धरण्यापासून सुरुवात. तुमच्या आजोबांचा प्रश्न मात्र आमच्या ओळखीचा आहे, एका लिपीत पक्के साक्षर पण दुसऱ्या लिपीत नवखे, आणि अशांना निरक्षर समजून शिकवलं की ते दुखावतात आणि यायचे बंद होतात. यावर आपण खरंच बोलू शकतो.

लग्न करून येणाऱ्या मुली पण कधीकधी भेटतात. व्हिसासाठी ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं बोलणं-ऐकणं पास होऊन आलेल्या असतात, पण सकाळी आठला जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनला फोन करून अपॉइंटमेंट मागायची म्हटलं की फोन नवऱ्याच्या हातात. समोर माणूस दिसत नाही, बोलणं भराभर, नावाचं स्पेलिंग सांगायचं, पोस्टकोड सांगायचा. मी वर्गात दोघींना पाठीला पाठ लावून बसवते आणि असला फोन करायला लावते. ही आयडिया माझी नाही, एका शनिवारच्या मीटिंगमध्ये दुसऱ्या कॉलेजच्या बाईंनी सांगितली होती. नेटवर्किंगचा फायदा म्हणाल तर एवढाच असतो, आणि तो मला पुरतो.

पण इकडचं सगळं छान छान असं समजू नका. आमच्यातले कितीतरी जण तासावर पैसे घेणारे. मीटिंगला गेलो त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही, कॉन्फरन्सची फी खिशातनं. त्यामुळं तिथं कायम नोकरीवालेच जास्त दिसतात, आणि ज्याला खरी गरज तो त्याच वेळी दुसऱ्या सेंटरवर तास घेत असतो.

शंभरफुटी_मास्तर

बघा! तिकडं पण खिशातनंच. मी म्हणत होतो तेच झालं की.

खटावचे_गुरुजी (निवृत्त, जिल्हा परिषद)

शंभरफुटी सर, तुम्ही अर्धंच उचललंत. तिला फोनची ॲक्टिव्हिटी मिळाली ती पण वाचा की.

मी आयुष्यभर केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदा बसून काढल्या. हजेरी, परिपत्रक वाचन, चहा, जमलंच तर एक आदर्श पाठ. राजवाडाकर म्हणतायत ते अगदी खरं. पण दुसरंही बघितलंय मी. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टचा 'तेजस' म्हणून उपक्रम होता प्राथमिकच्या इंग्रजी शिक्षकांसाठी, काही जिल्ह्यांत. त्यात शिक्षकांचे छोटे गट जवळच्या जवळ जमायचे, एखादी कृती करून बघायची, आपल्या वर्गात जाऊन ती घ्यायची आणि पुढच्या वेळी येऊन सांगायचं की चालली का नाही चालली. भाषणं कमी. आमच्या एका नातेवाईक बाई त्यात होत्या, त्या दरवेळी काहीतरी घेऊन यायच्या आणि मलाच शिकवायच्या. त्यामुळं एकत्र येण्यात खोट नाही, जमून काय करायचं हे न ठरवता जमण्यात खोट आहे. पदाधिकारी नेमायचेच नाहीत, काय बिघडतंय?

कृष्णाकाठची

गुरुजी हेच तर मला म्हणायचं होतं, मला नीट मांडता आलं नाही एवढंच.

शंभरफुटी सर, नोट्स नका देऊ. मी नोट्स मागतच नाहीये. पण एक सांगा, पाठ करून आलेलं उत्तर परीक्षकाला कळतं आणि मार्क जातात हे तुम्हालाही माहितीय, मलाही माहितीय. तरी पोरं क्यू कार्डची उत्तरं पाठ करतात कारण शेजारचा क्लास पाठ करून घेतो. आपण एकमेकांशी बोलत नाही म्हणून सगळेच त्या खेळात अडकलोय.

शंभरफुटी_मास्तर

आवो मॅडम, पोरगी माझ्याकडं कशाला येते? नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनला युकेत आयल्ट्समध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं प्रत्येकी सात आणि लिहिण्यात साडेसहा पाहिजे म्हणून येते. साडेसहा नाही आले तर तिची नोकरी अडकते, बापानं कर्ज काढलेलं असतं. तिला मी जीपीला फोन कसा करायचा ते शिकवत बसू का? ती उठून जाईल, आणि बरोबर करेल. जीवनाचं इंग्रजी वगैरे तिकडच्या सरकारनं शिकवावं, त्यांना माणसं पाहिजेत ना. मी परीक्षा पास करून देतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

मिरज_जंक्शन (नर्स, मँचेस्टरजवळ)

मी अशीच पोरगी, म्हणून लिहिते. सरांचं चुकत नाही, मला पण स्कोअरच पाहिजे होता. पण मी ज्या क्लासला होते तिथं फक्त आयल्ट्स. माझं अडायचं रायटिंगला, ते 'सरकारनं सार्वजनिक वाहतूक मोफत करावी का' टाइपचे निबंध, मला काय मतच नसायचं त्यावर. परत परत फी भरली. ओईटी नावाची परीक्षा आहे, ती पण चालते, त्यात निबंध नाही तर पेशंटबद्दल पत्र लिहायचं असतं आणि बोलायला पेशंटशी बोलण्याचे दोन रोलप्ले असतात, म्हणजे आपलं रोजचंच काम, हे मला हॉस्टेलच्या मैत्रिणीकडनं कळलं. लिहिण्यात सी प्लस आणि बाकी बी पाहिजे. मी तीच देऊन आले. आणि ती शिकवणारे सर त्याच रस्त्यावर पुढच्या चौकात होते!! माझ्या क्लासवाल्यांना माहिती नसेल का? असेल. पण सांगितलं नाही.

आल्यावर काय अवघड गेलं विचाराल तर हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देणं, नाही, ते जमतं, शब्द ठरलेले असतात. ब्रेकमध्ये बायका काय हसतायत ते कळायचं नाही. ते कुठलाच क्लास शिकवू शकेल असं मला वाटत नाही.

कृष्णाकाठची

जंक्शन, थँक्यू गं. पुढच्या चौकातले सर माहीत असूनही नाव घ्यायचं नाही, हे मोडायचं असेल तर आधी एकमेकांची तोंडं बघायला लागतील.

शंभरफुटी_मास्तर

आणि मी पोरगी पुढच्या चौकात पाठवली तर ते मला काय पाठवणार? पेढे?

खटावचे_गुरुजी

त्यांच्याकडची आयल्ट्सची पोरगी पाठवतील की. हिशोबच करायचा तर पुरा करा.

अक्का_ब्रॅम्प्टन (मूळ तासगाव)

मी कॅनडात लिंक प्रोग्रॅममध्ये शिकवते, सरकारी खर्चानं नवीन आलेल्यांना इंग्रजी, १९९२ पासून चालू आहे. आईबाप पाठवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्या, व्हिजिटर म्हणून किंवा सुपर व्हिसावर, म्हणजे आईबापांच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर, आलेल्यांना हे वर्ग मिळत नाहीत, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, लागतो. दरवर्षी कुणीतरी काका-काकू मुलाबरोबर दारात येतात आणि मला नाही म्हणावं लागतं, फार वाईट वाटतं. त्यामुळं सांगलीत त्यांना जे मिळेल तेवढंच. कृष्णाकाठच्या ताई, तुमचं काम किती महत्त्वाचं आहे हे तुम्हाला तिथं बसून कळणार नाही. फार्मसीत औषधाचं लेबल वाचणं, बसमध्ये चुकल्यावर विचारणं, ९११ ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, पत्ता सांगणं, एवढं करून पाठवा.

आणि शंभरफुटी भाऊंना सांगते, एकत्र येणं म्हणजे नुसती आयडियांची देवाणघेवाण नाही. इथं आमच्यावर विद्यार्थ्यांच्या पोर्टफोलिओची मूल्यमापन पद्धत आली, पीबीएलए म्हणतात, तेव्हा घरी बसून न संपणारं कागदपत्रांचं काम वाढलं, त्याचे तास कोण मोजणार? एकेकटीनं कोऑर्डिनेटरला सांगितलं की 'तुझंच टाइम मॅनेजमेंट बघ' असं ऐकायला मिळायचं. बाकीच्या सेंटरवाल्यांशी बोलल्यावर कळलं की सगळ्यांचं तेच आहे, मग पुढं उघडपणे बोलता आलं. सगळं सुटलं का? नाही. फंडिंग कमी झालं की वर्ग बंद होतात ते होतातच.

कुपवाड_एमआयडीसी

वेगळाच मुद्दा काढतोय, पण आपल्याकडं कारखान्यात बिहार, ओडिशाची एवढी पोरं आहेत, त्यांना मराठी कोण शिकवतंय? सुपरवायझरच्या शिव्यांतनं शिकतात ती. तुम्ही लोक मोठ्यांना भाषा शिकवण्यात मुरलेले, त्यांचं पण बघा की.

राजवाडा_साताराकर

मुद्दा खरा आहे राव, पण वेगळा धागा काढ, इथं हरवून जाईल.

कराडची_लेक

कुपवाडकरांना सहमत, उलट आमच्या कामाशी तेच सगळ्यात जवळचं आहे, शिफ्ट संपवून थकून आलेला माणूस. धागा काढलात तर मला टॅग करा.

कृष्णाकाठची

मग असं करू. रविवारी कराडला जमू, सातारा-सांगली दोघांना मधलं पडतं. अध्यक्ष नाही, बॅनर नाही, पीडीएफ नाही. प्रत्येकानं वर्गात घेतलेली एक गोष्ट करून दाखवायची, फसलेली असली तरी चालेल. आणि कोण काय शिकवतं, आयल्ट्स, ओईटी, आईबापांचं बोलणं, याची एक यादी, म्हणजे पोरगी दाराशी आली तर खरा पत्ता देता येईल. लेस्टर आणि ब्रॅम्प्टन व्हिडिओवर.

कराडची_लेक

तुमची सकाळ नको प्लीज, तुमचे अकरा म्हणजे माझी पहाट. दुपारी चारला ठेवा.

अक्का_ब्रॅम्प्टन

दुपारी चारला माझी पहाट. पण उठेन.

शंभरफुटी_मास्तर

येतो. नोट्स आणणार नाही, आणि यादीत माझी फी लिहायची नाही. आणि यादी क्लासला येणाऱ्या पोरींना पण दाखवायची का आपल्यातच ठेवायची, ते आधी ठरवा, कारण आपल्यातच ठेवणार असाल तर मग मिरज जंक्शनला त्याचा काय उपयोग?

मिरज_जंक्शन (नर्स, मँचेस्टरजवळ)

सर हाच प्रश्न मी विचारणार होते.