केबलच्या ड्रमसाठी दोन मजली रॅक : सल्ला हवा

गोदाम_हिंगणा
नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत केबलचं गोदाम आहे. आर्मर्ड (पोलादी कवचाच्या) केबलचे ड्रम, 300 किलोपासून टनापर्यंत, सगळे जमिनीवर. गिऱ्हाईक 20-30 मीटर मागतं, तेवढं कापायला दर वेळी ड्रम लोळवत आणावा लागतो. पोरांच्या पायांची भीती वाटते. शाफ्टवर (मधल्या आडव्या दांड्यावर) ड्रम फिरेल असा दोन मजली रॅक बनवायचाय. बजेट 70 हजार, त्यावर जमणार नाही.

बुटीबोरीकर
तयार हेवी ड्युटी रॅकच घ्या भाऊ. आम्ही पुण्याहून मागवला, चार लाख लागले, पण अजून रंगसुद्धा उडालेला नाही. 70 हजारांत काही होत नाही.

कामठी_फॅब्रिकेशन
चार लाख काहून? 100 मिमीचा लोखंडी चॅनेल, चांगला वेल्डर, शाफ्टला दीड इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) पाइप, झालं काम. माझ्या शेजाऱ्याकडे असाच आहे, वायरची बंडलं लटकतात, काही होत नाही.

यंत्रताई
वायरचं बंडल वेगळं, टनाचा ड्रम वेगळा. आधारांत 1 मीटर अंतर आणि भार मधोमध धरला तर मोमेंट, म्हणजे शाफ्ट वाकवणारा जोर, 2.45 किलोन्यूटन-मीटर येतो. दीड इंची पाइपमध्ये ताण 500 मेगापास्कलच्या घरात जातो, आणि साधं माइल्ड स्टील 250 ला कायमचं वाकतं. 50 मिमीचा भरीव बार घेतलात तरी 200, म्हणजे मर्यादेच्या जवळच. 65 मिमीला तोच ताण 91 वर येतो, कारण ताकद व्यासाच्या घनानं वाढते. इथे कंजुषी नको. शाफ्ट खाचेतून उसळू नये म्हणून वरून पिन, आणि ड्रम सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना कॉलर (शाफ्टवर घट्ट बसणारं कडं) हवीच.

बर्डी_इलेक्ट्रिक
एवढं गणित कशाला? ड्रम आडवे पाडून एकावर एक रचा, जागाही वाचते.

यंत्रताई
कृपा करून असं करू नका. आडव्या ड्रममध्ये वेटोळी सैल होऊन एकमेकांत अडकतात. ड्रम कडेच्या दोन्ही चकत्यांवर उभा, खाली पाचर. लोळवायचा तर त्यावरच्या बाणाच्या दिशेनंच.

कामठी_फॅब्रिकेशन
बाण कोण पाहतो बाप्पा! चॅनेल मात्र 100 चाच घ्या.

भंडारा_रोड
आमच्या ओळखीच्या एका गोदामात रॅक पुढं कलंडला. वजनानं नाही, केबल ओढताना. बेस प्लेटला जमिनीत पकडणारे अँकर बोल्टच नव्हते, तिरपे ब्रेसिंगही नव्हते. माणूस वाचला. मारायचेच तर बोल्ट जाड काँक्रीटमध्ये मारा, कोब्यात नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, पातळ कोबा तडकतो.

बुटीबोरीकर
म्हणूनच म्हटलं, तयार रॅक घ्या. बोल्ट त्यांचीच माणसं मारून देतात.

कळमना_ट्रेडर्स
वरच्या मजल्यावर ड्रम चढवणार कशानं? फोर्कलिफ्ट आहे का? तांब्याच्या केबलचा ड्रम असेल तर आणखी जड, घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त.

गोदाम_हिंगणा
फोर्कलिफ्ट नाही, चेन पुली आहे. आणि माझा कोबा पातळच आहे. विचार करून रॅक रद्द केला. हायड्रॉलिक ड्रम जॅकच्या (बार दोन्ही टोकांना धरून ड्रम जमिनीपासून थोडा उचलणाऱ्या) दोन जोड्या आणि 65 मिमीचे बार घेतोय. रोज कापावे लागणारे ड्रम जॅकवर, बाकी पाचर लावून उभे. जॅकखाली जाड लोखंडी प्लेटा टाकीन.

बुटीबोरीकर
जागा अडेल. रॅकच घ्यायला पाहिजे होता.

गोदाम_हिंगणा
अडू द्या. कोणाच्या डोक्यावर टन नको. 65 चा भरीव बार इतवारीत कुणाकडे मिळेल, सांगा.