परागकण म्हणजे वनस्पतीचा शुक्राणू, असे म्हणता येईल का?

मंजिरी

नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवते. सपुष्प वनस्पती आणि मानव यांच्या प्रजननाची तुलना फळ्यावर मांडताना सहसा दोन रकाने केले जातात आणि त्यांत परागकणासमोर शुक्राणू, तर बीजांडासमोर (ज्याचे पुढे बी होते) अंडपेशी लिहिली जाते. मात्र परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातील स्त्रीकेसराच्या टोकावर, रुजल्यानंतर त्यातून परागनलिका निघते आणि तिच्यातून दोन पुंयुग्मक (नर प्रजनन पेशी) बीजांडापर्यंत पोहोचतात, असेही त्याच पाठात पुढे सांगावे लागते. एका शुक्राणूच्या पोटात आणखी दोन शुक्राणू कसे असू शकतील, असे एका विद्यार्थिनीने विचारले. तिला वरवरचे उत्तर देऊन गप्प करण्याची माझी इच्छा नाही. ही तुलना कुठपर्यंत खरी आहे आणि कुठे ती सोडून द्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

देवराई

विद्यार्थिनीने नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. परागकण हा शुक्राणू नव्हे. पुंयुग्मक तयार करणारी आणि त्यांना अंडपेशीपर्यंत नेऊन पोहोचवणारी ती वनस्पतीची एक वेगळी, अत्यंत लहान पिढी आहे.

फरकाचे मूळ अर्धगुणसूत्री विभाजनानंतर, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनानंतर, काय घडते यात आहे. मानवाच्या वृषणात 46 गुणसूत्रे असलेल्या पेशीचे असे विभाजन झाले की प्रत्येकी 23 गुणसूत्रांच्या चार पेशी मिळतात. त्या पुन्हा विभागत नाहीत, त्यांनाच शेपूट येते आणि त्याच शुक्राणू होतात. वनस्पतीच्या परागकोशातही एका मातृपेशीपासून चार एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशी तयार होतात, पण त्या युग्मक, म्हणजे थेट फलनात भाग घेणाऱ्या पेशी, नसून बीजाणू असतात, म्हणजे विभागून नवी पिढी घडवणाऱ्या पेशी. प्रत्येक बीजाणू सूत्री विभाजनाने (ज्यात गुणसूत्रांची संख्या तीच राहते) विभागतो आणि परागकणाच्या भिंतीआड दोन पेशी दिसू लागतात: एक मोठी पेशी, जिच्यापासून पुढे परागनलिका वाढते, आणि तिच्या आत सामावलेली लहान जनन पेशी. ही जनन पेशी पुन्हा एकदा विभागते तेव्हा कुठे दोन पुंयुग्मक जन्माला येतात. बहुसंख्य जातींमध्ये हे शेवटचे विभाजन परागकण कुक्षीवर पडल्यानंतर, वाढत्या नलिकेत होते. गवताच्या कुळात मात्र ते परागकोशातच उरकलेले असते. मॉससारख्या वनस्पतींमध्ये हीच एकगुणित पिढी आपल्याला हिरव्या रोपाच्या रूपात उघड्या डोळ्यांनी दिसते, नेचांमध्ये ती नखाएवढी होते आणि सपुष्प वनस्पतींमध्ये ती दोन-तीन पेशींपुरती उरली आहे. मानवात अशी मधली पिढी अजिबात नाही.

बीजांडासमोर अंडपेशी लिहिणे मला याहूनही अधिक खटकते. बीजांडाची आवरणे आणि आतील बरीचशी ऊती मातृवनस्पतीची असते. त्या ऊतीत एका पेशीचे अर्धगुणसूत्री विभाजन होऊन चार बीजाणू बनतात, त्यांपैकी बहुधा तीन नष्ट होतात आणि उरलेल्या एकातील केंद्रक तीनदा विभागून आठ केंद्रकांचा, सात पेशींचा भ्रूणकोश (बीजांडातील एकगुणित मादी पिढी) तयार होतो. त्या सातांपैकी एक पेशी म्हणजे अंडपेशी. येथे एक खरे साम्य मात्र जरूर दाखवावे: स्त्रीच्या अंडाशयातही विभाजन असमान असते, जवळजवळ सगळा पेशीद्रव एकाच अंडपेशीकडे राहतो आणि बाकीचे केंद्रक इवल्या ध्रुवीय पिंडांतून बाहेर टाकले जातात. दोन्हीकडे पुढच्या जिवासाठीचा साठा वाटून न टाकता एकीकडेच ठेवला जातो.

सूक्ष्मदर्शी

वरील उत्तर उत्तम आहे. दोन पुंयुग्मक का, हा भाग राहिला आहे, म्हणून लिहितो.

एक पुंयुग्मक अंडपेशीशी संयोग पावतो आणि युग्मनज, म्हणजे भ्रूणाची पहिली पेशी, तयार होतो. दुसरा वाया जात नाही. तो भ्रूणकोशाच्या मध्यवर्ती पेशीतील दोन केंद्रकांशी एकरूप होतो आणि त्यातून त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेला) भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणासाठीचा अन्नसाठा, निर्माण होतो, ज्यात सहसा आईचे दोन वाटे आणि वडिलांचा एक वाटा असतो. या द्विफलनाचा, म्हणजे दुहेरी फलनाचा, शोध रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सेर्गेई नवाशिन यांनी 1898 मध्ये लावला. गव्हाच्या दाण्यातील पिठूळ भाग हा भ्रूणपोषच असतो. वाटाण्यात तो बी पक्व होण्यापूर्वीच भ्रूण शोषून घेतो आणि अन्न बीजपत्रांत साठते.

मानवात याला थेट जोड नाही. तेथे पोषणाचे काम वार करते, आणि तिचा गर्भाकडील भाग त्याच युग्मनजापासून, म्हणजे बाळाच्याच जनुकीय वारशाने घडतो. भ्रूणपोष हा भ्रूणाचा भाग नसून त्याच्यासोबत जन्मलेली वेगळी ऊती आहे, जी स्वतः कधीच रोप होत नाही. यामुळे अन्नसाठ्यावरचा मोठा खर्च फलन झाल्यावरच होतो, तर सायकससारख्या अनावृत्तबीजी (फळाच्या आवरणाविना बी धरणाऱ्या) वनस्पती तो फलनापूर्वीच करून बसतात. मला स्वतःला सपुष्प वनस्पतींच्या प्रजननातील ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते, आणि दोन रकान्यांच्या तक्त्यात नेमकी तीच गळून पडते.

मंजिरी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता परागकणासमोर मी काहीच लिहिणार नाही आणि पुंयुग्मकासमोर शुक्राणू लिहीन. आणखी एक शंका आहे. कुक्षीवर एकाच वेळी अनेक परागकण पडतात. मग एका बीजांडात एकच परागनलिका कशी शिरते? मानवात एका अंडपेशीत एकच शुक्राणू शिरतो, त्याच्याशी हे जुळते का?

देवराई

उद्दिष्ट सारखेच आहे, रीत वेगळी आहे. मानवात अंडनलिकेमध्ये पहिला शुक्राणू अंडपेशीत शिरताच तिच्या कडेला असलेल्या सूक्ष्म पिशव्यांतील द्रव्ये बाहेर पडतात, अंडपेशीभोवतीचे आवरण बदलते आणि इतर शुक्राणूंना त्यातून आत येता येत नाही. सपुष्प वनस्पतींचे पुंयुग्मक पोहू शकत नाहीत, त्यामुळे तेथे नियंत्रण नलिकेच्या वाटेवरच ठेवावे लागते. अंडपेशीशेजारच्या दोन सहाय्यक पेशी लहान प्रथिने सोडून नलिकेला आपल्याकडे वळवतात. नलिका येऊन फुटते, तेव्हा त्यांपैकी एक पेशी नष्ट होते. फलन यशस्वी झाले, तर दुसरीचेही काम संपवले जाते आणि बोलावणे थांबते. मात्र पहिल्या नलिकेतील पुंयुग्मक निकामी निघाले, तर दुसरी सहाय्यक पेशी टिकून राहते आणि आणखी एका नलिकेला बोलावू शकते. मानवी अंडपेशीला अशी दुसरी संधी नसते, कारण तिचे आवरण एकदा बदलले की ते पुन्हा पूर्ववत होत नाही.