पदवी मधेच सोडता येते, मग एक विषय का नाही?

खडूफळा
नव्या शैक्षणिक धोरणाने मुलांची एक मोठी सवलत वाढवली, एक नवी दिली. पहिली, बाहेरून क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी जमवायची अभ्यासाची एककं, आणायची. सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स करा, परीक्षा द्या, क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँकेत जमा. २०१६च्या नियमांत याची मर्यादा सेमिस्टरच्या २० टक्के होती, २०२१मध्ये ती ४० झाली. दुसरी, मधेच बाहेर पडायची. पहिल्या वर्षाची ४० ते ४४ क्रेडिट झाली आणि वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स केला की सर्टिफिकेट. दुसऱ्या वर्षानंतर तसाच डिप्लोमा. तीन वर्षांत परत या, सात वर्षांत पदवी पुरी करा.

कागदावर झकास. पण मुलाला अख्खी पदवी सोडता येते आणि एक विषय सोडता येत नाही, हे कुणाला खटकत कसं नाही?

आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या कॉमर्सची एक मुलगी आहे. वडील आजारी, दुकान तिच्यावर. सकाळची लेक्चर कशीबशी करते, दुपारचं स्टॅटिस्टिक्स पूर्ण बुडालं. ऑफिसच्या खिडकीवर विचारायला गेली तर उत्तर मिळालं, "फॉर्म सगळ्या विषयांचा भरायचा. राहिला तर एटीकेटी आहेच." म्हणजे नापास होणार हे माहीत असताना परीक्षेला बसायचं. सेमिस्टरच्या निम्म्यापर्यंत एखादा विषय अर्ज करून काढून घेता यावा, मार्कलिस्टवर शेरा न लागता, आणि ती क्रेडिट पुढच्या वर्षी वर्गात बसून किंवा 'स्वयम'वरून भरता यावीत, एवढंच म्हणणं आहे.

निवृत्त_नाना
सर, मुलीबद्दल सहानुभूती आहे, पण नियम एका मुलीसाठी करत नसतात. तुम्ही मागताय ते एटीकेटीत आहेच की! विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जाता येतं. फरक फक्त शेऱ्याचा. आणि तो शेरा हवाच. पहिल्या इंटर्नलला वीसपैकी चार पडले की निम्मा वर्ग विषय काढायला रांगेत उभा राहील. मी गणित शिकवलं. मुभा असती तर दिवाळीनंतर माझ्या वर्गात फक्त पंखे फिरले असते. सुरुवातीला जड जाणारा विषय तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उलगडतो. तोवर टिकवून धरायला काहीतरी धाक लागतो.

तासिकावाला
एकाला पगार, एकाला पेन्शन, म्हणून तत्त्वाची चर्चा चाललीय. माझं सांगतो. कायम सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवणं ठरलेलं. त्यांचे भरून वर्कलोड उरला तर आम्हा सीएचबीवाल्यांना, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्यांना, तास. आता २२ क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये ४० टक्के म्हणजे चार-चार क्रेडिटचे दोन विषय बाहेरून आले, की पहिली कात्री कुणावर? आमच्या कॉलेजात एक ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) 'स्वयम'वर ढकलला आणि त्याचे तास टाइमटेबलमधून गेले. मुलांना निवड मिळाली म्हणे. कसली निवड? वर्गाचा पर्यायच ठेवला नव्हता. विषय सोडायची मुभा दिलीत की हेच होणार. "मुलं पुढे ऑनलाइन करतील" म्हणत संस्था जागाच भरणार नाहीत.

निवृत्त_नाना
तासिकावाला, हा मुद्दा माझ्याही डोक्यात नव्हता. लाखमोलाचा.

शेवटचा_बाक
विद्यार्थी बोलला तर चालेल का? 'स्वयम'वरच एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा, बारा आठवड्यांचा कोर्स केलाय. शिकायला फुकट, परीक्षेला हजार रुपये. असाइनमेंटचे २५ गुण, त्यातही बारांपैकी चांगल्या आठच धरतात. त्यांची उत्तरं दर आठवड्याला टेलिग्रामवर फिरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ७५ गुणांची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि त्यात किमान ३० लागतात. तिथे टेलिग्राम कामाला येत नाही. शिकवणं तर, सॉरी सर लोकहो, आमच्या वर्गापेक्षा उजवं होतं. व्हिडिओ थांबवून परत बघता येतो, हाच केवढा फायदा.

त्रास वेगळाच. केंद्र दुसऱ्या शहरात, निकाल उशिरा. तोवर कॉलेजची मार्कलिस्ट 'रिझल्ट राखीव' म्हणून अडकली. धोरण दिल्लीत लवचीक आहे, आमच्या परीक्षा विभागात नाही.

नाना सर, धाकाने गणित येत असतं तर आत्तापर्यंत अख्ख्या महाराष्ट्राला आलं असतं :)

एडिसनची_मावशी
आमच्या न्यू जर्सीत दोन्ही गोष्टी मुरलेल्या आहेत, म्हणून लिहिते. सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत विषय काढला तर ट्रान्सक्रिप्टवर नावही राहत नाही. नंतरच्या तारखेपर्यंत काढला तर 'डब्ल्यू' (विथड्रॉवल, विषय सोडल्याचा शेरा) लागतो, पण तो सरासरीत धरत नाहीत. बाहेरच्या क्रेडिटसाठी शाळेत असतानाच एपी, नंतर क्लेप, अशा कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा. अर्थात किती गुणांना किती क्रेडिट हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं.

पण फुकटात काही नाही हो. मुदत उलटली की त्या विषयाची फी गेलीच. आणि भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या पदवीच्या मुलांनी सेमिस्टरला १२ क्रेडिटच्या खाली गेलं तर व्हिसाच धोक्यात. विषय काढण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाची परवानगी लागते. माझ्या ओळखीतल्या एका पोराने नुसतं पोर्टलवर बटण दाबलं आणि मग महिनाभर कागद नाचवत होता. ज्याला विचारायला माणूस आहे त्यालाच असली सवलत नीट वापरता येते.

खडूफळा
मावशी, म्हणूनच मी अर्ज म्हणतोय, बटण नाही. मेंटॉर शिक्षकाची सही, सेमिस्टरला एकच विषय, पदवीभरात दोन किंवा तीन.

नाना, एटीकेटी आणि हे एकच नाही. एटीकेटीत पोरगी दुकान सांभाळून सगळ्याच विषयांची तयारी करते आणि दोनात लटकते. एक आधीच कमी केला तर बाकीचे चांगल्या गुणांनी सुटतात.

तासिकावाला, तुमच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त तो राग भरती न करणाऱ्यांवर काढूया, मुलांवर नको.

पालक_सोलापूर
एक व्यवहाराचं. आमच्यासारख्यांची पोरं महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर शिकतात. नूतनीकरणाच्या फॉर्मवर मागच्या वर्षाचा निकाल टाकावा लागतो, पास की नापास. 'काढून घेतलेला विषय' हा रकानाच नसेल तर क्लार्क काय भरणार? तो नापासच भरणार. फी परताव्याचंही तसंच. यूजीसीचा २०१८चा तक्ता प्रवेश रद्द करणाऱ्यासाठी आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५०, पुढे शून्य. एका विषयाचं त्यात काहीच नाही. आधी हे रकाने करा, मग मुभा द्या. नाहीतर ज्यांच्यासाठी मागताय त्यांचीच शिष्यवृत्ती जायची.

शेवटचा_बाक
काका, रकाना कुणी मागितल्याशिवाय होत नाही ना.

निवृत्त_नाना
पालकांशी सहमत. खडूफळा, विद्यापीठाच्या विद्यापरिषदेत हा विषय नेणार असाल तर आजारपण आणि घरची जबाबदारी एवढ्या दोनच कारणांसाठी, पुराव्यासह न्या. मी पाठिंब्याचं पत्र देईन. सरसकट मुभेला मात्र माझा विरोध कायम. आणि त्या मुलीला स्टॅटिस्टिक्स अडत असेल तर रविवारी सकाळी फोनवर शिकवायला मी मोकळा आहे, निरोप द्या.