माळढोक मेंढ्यांनी संपवला म्हणे!

गवत्या: काल इथे एका सज्जनांनी लिहिलं की सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक मेंढपाळांनी संपवला, आता माळाला कुंपण घाला आणि झाडं लावा. झाडं! माळावर! हा पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी लांबवर नजर पोचेल अशा उघड्या रानात राहतो, भुईवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. सरकारी कागदावर माळ म्हणजे 'पडीक', म्हणून ग्लिरिसिडियाची झाडं लावून हिरवं करायचं. मेंढ्या आणि माळढोक पिढ्यान् पिढ्या एकाच माळावर होते. उजनी धरणाचं पाणी आलं, ज्वारी-करडई जाऊन ऊस आला. उसात काय करणार तो?

बार्शीकर: आला का ऊस! साखर खाता ना चहात? 1979 ला माळढोकाचं अभयारण्य जाहीर झालं, साडेआठ हजार चौरस किलोमीटर. आत आमची गावंच्या गावं. बहिणीच्या लग्नाला वडिलांनी दोन एकर विकायला काढली, तर ना-हरकत आणा म्हणाले. ती येईस्तोवर बहिणीचं पोरगं शाळेत जायला लागलं. पुढे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. मधल्या वर्षांचा हिशोब कोण देणार? शेतात माळढोक उतरला की पोटात गोळा यायचा. हाकलला असेल कुणी तर मला नवल वाटत नाही.

गवत्या: हे मान्य. पण ऊस तरीही ऊसच.

रानवेडी: दोघांनी कुत्र्यांबद्दल चकार शब्द काढला नाही! माळाच्या कडेला मेलेल्या कोंबड्यांची पोती टाकतात. ती फाडून पोसलेली सात-आठ कुत्री काळविटाच्या पाडसामागे लागलेली मी डोळ्यांनी पाहिलीत. भुईवरचं अंडं त्यांना किती वेळ?

मोती_चा_बाबा: झालं, आली गाडी कुत्र्यांवर. पोती कुत्र्यांनी आणून टाकली का?

रानवेडी: भटक्या कुत्र्यांना नसबंदी करून पुन्हा तिथेच सोडायचं, असा 2023 चा नियम आहे. नसबंदीने दात पडतात का? तुमच्या सोसायटीतली न्या की घरी.

मोती_चा_बाबा: तीन नेलीत. तुम्ही किती माळढोक पाळलेत?

बार्शीकर: आमच्या वस्तीवरची दोन करडं फाडली याच कुत्र्यांनी. पंचनाम्याला कुणी फिरकलं नाही. बिबट्याने मारलं असतं तर भरपाई तरी मिळाली असती.

मोती_चा_बाबा: मग बिबट्या मागवा.

तारायंत्र: कुत्री-कुत्री खेळून झालं असेल तर वर बघा. माळढोकाचे डोळे बाजूला, समोरची विजेची तार उशिरा दिसते, जड शरीर पटकन वळत नाही. राजस्थानात तारांवर आपटून मरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला सांगितल्या, 2024 मध्ये तो आदेश सैल केला, कारण सौरऊर्जेची वीज वाहून न्यायची. आता भिस्त जैसलमेरजवळच्या समच्या प्रजनन केंद्रावर. तिथली पिल्लं मोठी होऊन सोडायची कुठे? नान्नजच्या उसात?

बार्शीकर: सोडा माझ्या रानात. ऊस काढून ज्वारी लावतो. एकरी फरकाचे पैसे दरवर्षी खात्यात टाका, सातबाऱ्यावर एक अक्षर चढवू नका.

गवत्या: एवढ्या दिवसांत या धाग्यावर कामाचं कुणी बोललं असेल तर हा ऊसवाला. लिहिताना हात जड झाला, पण लिहितो.

मोती_चा_बाबा: आणि कोंबड्यांची पोती?