भाड्याचं जुनं घर, गॅसचं बिल आणि बुरशी: काउन्सिलची मदत भाडेकरूला मिळते का?

गारठलेला:
नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये लेस्टरला व्हिक्टोरियन टेरेसमध्ये (एकोणिसाव्या शतकातल्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेत) भाड्याने राहतो. गॅस प्रीपेमेंट मीटरवर, म्हणजे आधी पैसे टाकायचे, मग वापरायचा. दोघांची मिळून कमाई वर्षाला 36,000 पौंडांच्या आतच. हीटिंग संध्याकाळी तास-दोन तास लावतो, बंद केलं की घर लगेच गार. मागच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी आलीय. घरमालक म्हणतो, खिडक्या उघडा, कपडे घरात वाळवू नका. नोव्हेंबरात बाहेर कुठे वाळवायचे ते त्यालाच ठाऊक! ईपीसी (घर ऊर्जा किती वाचवतं त्याचा दाखला; ‘ए’ उत्तम, ‘जी’ सर्वांत वाईट) ‘ई’ आहे. काउन्सिलकडून (इथल्या पालिकेकडून) इन्सुलेशनला, म्हणजे उष्णता अडवणारा थर बसवायला, मदत मिळेल का, की सरळ एक इलेक्ट्रिक हीटर आणू?

चहाबाज:
हीटर नको रे बाबा. युनिटमागे वीज गॅसच्या साधारण चौपट पडते. आणि प्रीपेमेंटवर उन्हाळ्यातही थोडे पैसे टाकत जा. गॅस नाही जाळला तरी स्टँडिंग चार्ज (रोजचा ठरलेला आकार) साठत राहतो आणि थंडीतल्या पहिल्या टॉप-अपमधून आधी तोच कापला जातो.

वीटनिरीक्षक:
घरांचे ईपीसी काढणं हेच माझं काम, म्हणून जरा लांबण लावते. आधी रस्त्यावर उभं राहून भिंतीच्या विटा बघा. लांब विटांच्या अधूनमधून विटांची आखूड तोंडं दिसली, तर भिंत बहुधा भरीव, नऊ इंची, आत पोकळी नाही. अशा घराला ‘कॅव्हिटी (भिंतीतली पोकळी) भरून देतो’ म्हणून कुणाचा फोन आला तर ठेवून द्या. कपाट या गार भिंतीला चिकटलेलं असतं, मागे हवा फिरत नाही, खोलीतली वाफ तिथेच पाणी होऊन बसते. कपाट आतल्या भिंतीला लावा. आणि जमिनीलगतच्या जाळीच्या विटा वारा येतो म्हणून बुजवू नका, खालच्या लाकडी फरशीला त्याच वाचवतात.

मदतीचं म्हणाल तर 2025 पासून इंग्लंडमध्ये वॉर्म होम्स लोकल ग्रँट आहे, काउन्सिलमार्फत. ईपीसी ‘डी’ ते ‘जी’ आणि कुटुंबाचं उत्पन्न 36,000 पर्यंत असेल तर अर्ज करता येतो, भाडेकरूलाही. घरमालकाची संमती लागते. त्याला सांगा, त्याच्या एका घराचं काम फुकट होतं, पुढच्या घरांना अर्धा खर्च त्याचा. हे ऐकून बरेच नरमतात.

लॉफ्टमध्ये (छताखालच्या माळ्यावर) इन्सुलेशनचा 270 मिमी थर आधी मागा. बाहेरून भिंतीला इन्सुलेशन लावायचं म्हणाले तर काम कोण तपासणार, हे लेखी घ्या. आधीच्या सरकारी योजनांतल्या अशा कामांपैकी 98 टक्क्यांत दुरुस्ती लागेल असे दोष असल्याचं सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलंय.

गारठलेला:
ताई, विटा बघितल्या, आखूड तोंडं आहेत. पण मालक नाहीच म्हणाला तर?

चहाबाज:
तर काउन्सिलच्या हाउसिंग विभागाला घर तपासायला बोलाव. 2004 च्या हाउसिंग कायद्याखाली अति थंडी आणि ओल-बुरशी हे दोन्ही धोक्यांच्या यादीत आहेत. मालकाला आधी ईमेल कर, बुरशीचे फोटो जोडून. तोंडी तक्रारीला इथे कोण विचारतो?

वीटनिरीक्षक:
बरोबर. आणि ईपीसीची तारीख बघा, तो 10 वर्षंच चालतो. नवा काढायला कुणी आलं तर लॉफ्टच्या झाकणाखालचं सामान आधीच हलवून ठेवा. आम्हाला वर डोकावता आलं नाही तर घराच्या वयावरून अंदाज लिहावा लागतो.